आकडा खोटा की मशीन आजारी?

क्लस्टरच्या ग्राफवर एका नोडचं नेटवर्क ट्रॅफिक अचानक सेकंदाला शेकडो पेटाबाइट दिसू लागतं. कार्ड एक गिगाबिटचं. तुडुंब भरलं तरी सेकंदाला १२५ मेगाबाइटच्या वर जाणं शक्य नाही. आकडा खोटा आहे हे उघडच. तो बिघडला कुठे, एवढंच शोधायचं.

गँग्लिया या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये आकड्याची वाट ठरलेली असते. नोडवरचा जीमॉन्ड लिनक्सच्या प्रॉकमधून मोजमापं वाचतो आणि यूडीपीने पाठवतो; जीमेटाडी ती गोळा करून आरआरडी फाइलींत भरतो; ग्राफ त्यातून निघतो. तपास मात्र उलटा करायचा.

मी आधी जीमॉन्डच्या ८६४९ पोर्टला नेटकॅट लावतो. एक्सएमएल भराभर पडद्यावरून सरकतं. प्रत्येक मेट्रिकपुढे किंमत असते, आणि शेजारी टीएन व टीमॅक्स. टीएन म्हणजे हा आकडा येऊन किती सेकंद झाले. तो टीमॅक्सच्या, म्हणजे दोन आकड्यांमधल्या अपेक्षित कमाल अंतराच्या, फार पुढे गेला, तर आकडा शिळा. यूडीपीत हरवलेलं पॅकेट पुन्हा येत नाही. शिवाय मूळ सेटिंगमध्ये सीपीयू दर २० सेकंदांनी मोजला जातो, पण आकडा पुरेसा हलला किंवा ९० सेकंद उलटले तरच तो पाठवला जातो. त्यामुळे टॉप कमांड आणि ग्राफ क्षणभर जुळले नाहीत तर घाबरायचं कारण नाही.

इथे टीएन ताजा होता, किंमत अवाढव्य. म्हणजे दोष मोजणीतच. काही ड्रायव्हर बाइट ३२ बिटांत मोजतात. ४,२९,४९,६७,२९५ झाले की काउंटर मीटरसारखा शून्यावर येतो. पूर्ण वेगात याला जेमतेम ३४ सेकंद लागतात. आकडा घटलेला पाहून जीमॉन्डला वाटतं, ६४ बिटांची फेरी पूर्ण झाली, आणि तो तेवढी प्रचंड रक्कम मिळवतो. ड्रायव्हर पुन्हा लोड केला तरी हेच घडतं. ती एक नोंद पुढे महिन्याच्या सरासरीतही शिरते. उपाय दोन: आरआरडी डंप करून ती नोंद काढायची आणि फाइल पुन्हा बनवायची; आरआरडीटूलच्या ट्यूनने कमाल मर्यादाही घालून ठेवायची.

उलट प्रकारही होतो. लोड ४०, सीपीयू मात्र रिकामा. हा आकडा खरा असतो. लिनक्स लोडमध्ये डिस्क किंवा एनएफएससाठी अडकलेल्या प्रोसेसही धरतो. पीएस कमांडमध्ये त्यांच्यापुढे ‘डी’ दिसतो. अशा वेळी मॉनिटरिंग नव्हे, एनएफएस सर्व्हर बघायचा.

ग्राफ बघून नोड रीबूट करू नका. रीबूटने काउंटर शून्य होतात आणि पुरावाही जातो. आधी प्रॉकमधले आकडे वेळेसकट उतरवून घ्या.