गोचीड गोठ्यातून घरात येतो तेव्हा

मागच्या वर्षी पाऊस उघडल्यावर एकलहरे येथील एक गृहस्थ ताप घेऊन माझ्याकडे आले. नोकरी औष्णिक वीज केंद्रात, घरी दोन गाई. डोके फुटेल इतके दुखत होते, अंग मोडून आले होते. मी साथीचा ताप समजून तीन दिवस औषध दिले. ताप हटेना. चौथ्या दिवशी अंगावर लाल पुरळ दिसले, तेही तळहातांवर आणि तळपायांवर. तेव्हा मी विचारले, "गोचीड वगैरे चावला होता का?" ते काही बोलण्याआधीच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आठवडा झाला असेल, कानामागून मीच काढला की!"

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो गोचीडताप होता. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. या आजारात रक्ताच्या अहवालाची वाट पाहत बसता येत नाही. उशीर झाला तर तो जिवावर बेततो.

पण गोष्ट इथे संपत नाही. नदीकाठचे गवत कापताना हे गृहस्थ डोक्यावर घोंगडी घेत. सोबत घरचा कुत्रा असे. घरी आल्यावर तीच घोंगडी खाटेवर पडे आणि संध्याकाळी धाकटी मुलगी ती पांघरून अभ्यासाला बसे. मी मुलीचे डोके तपासले. केसांच्या कडेला तिळाएवढा एक गोचीड चिकटलेला होता. सुदैवाने तिला ताप आला नाही.

नुसत्या धुण्याने मरत नाही

आपला समज असा, की कपडे पाण्यात बुडवले म्हणजे गोचीड बुडून मेला. तसे होत नाही. थंड, कोमट पाण्यात तो बराच वेळ जिवंत राहतो. त्याला मारते ती उष्णता आणि कोरडेपणा. आपल्याकडे वन्यप्राण्यांची शिकार कायद्याने बंद आहे. पण परदेशात परवाना घेऊन हरणाची शिकार करणाऱ्यांनाही हाच सल्ला देतात. रानातून आल्यावर कपडे आधी गरम हवेच्या यंत्रात फिरवायचे, मग धुवायचे. आपल्याकडे हे यंत्र नसले तरी चूल, इस्त्री आणि ऊन आहे.

गवताचे, गोठ्याचे कपडे दारातच उतरवावेत. खाटेवर किंवा घरातल्या खुंटीवर टाकू नयेत. सुती कपडे उकळत्या पाण्यात भिजवावेत, वाळल्यावर कॉलर, खिसे, नेफा आणि शिवणींवरून कडक इस्त्री फिरवावी. घोंगडी उकळता येत नाही. ती घरापासून दूर झटकून, तापलेल्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन दिवस चांगली उन्हात टाकावी आणि गोठ्यापुरतीच ठेवावी. गमबूट आतून ब्रशने घासून उन्हात ठेवावेत. गवताचा भारा ओसरीवर टाकू नये. गुरांवर फवारायचे औषध मात्र कपड्यांवर, अंथरुणावर किंवा मुलांच्या डोक्याला कधीही लावू नये. त्याने विषबाधा होते.

अंगावर सापडला तर

गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करावी. काखा, जांघा, कानामागे, गुडघ्यामागे आणि केसांत हात फिरवून पाहावे. गोचीड चिकटलेला असेल तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. रॉकेल, चुना, तंबाखू, पेटती काडी यांपैकी काही लावू नये. काढलेला गोचीड नखावर चिरडू नये. जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी.

चिरडू नये असे सांगतो त्याला कारण आहे. २०११ साली गुजरातमध्ये क्रिमियन-काँगो तापाचे रुग्ण सापडले. तो विषाणू गोचिडाच्या चाव्यातून तसा चिरडलेल्या गोचिडातूनही शरीरात शिरू शकतो. त्या साथीत रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. आपल्या राज्यातही २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात गोचिडांमुळे पसरणारा माकडताप आढळला. म्हणून प्रत्येक गोचिडाला घाबरावे असे नाही. बहुतेक चाव्यांतून काहीच होत नाही.

मात्र चाव्यानंतर दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा पुरळ आले, तर दवाखान्यात पाय ठेवताच सांगा, "डॉक्टर, मला गोचीड चावला होता." आम्ही विचारण्याची वाट पाहू नका. घाईत आम्हीही विसरतो.