खत होणारी वेष्टने : परतीची वाट कोठे आहे?

पळसाच्या पत्रावळीवर जेवलेली पिढी अजून आपल्यात आहे. पंगत उठली की पत्रावळी उकिरड्यावर जात आणि खत होऊन शेतात पडत. या व्यवहाराला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे भारदस्त नाव कोणी दिले नव्हते. पण चक्र पूर्ण होत होते. आज उसाच्या चिपाडाच्या थाळ्या आणि मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पिशव्या ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकल्या जातात. परंतु त्यांचे चक्र बहुधा अर्ध्यावरच थांबते. असे का व्हावे?

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदाच वापरून फेकण्याच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण बंदीने फार तर वस्तू बदलते. व्यवस्था बदलत नाही.

पहिली अडचण किमतीची. इडलीच्या गाडीवर चटणी बांधून देण्यास पातळ पिशवीच स्वस्त पडते, कारण ती गटारात अडकल्यावर होणारा खर्च विक्रेत्याच्या हिशेबात येत नाही. तो सर्व करदात्यांवर पडतो. खासगी आणि सामाजिक खर्चातील ही तफावत पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच विशद केली होती. राज्याच्या बंदीत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला गेला. परवडणारा पर्याय हाती नसताना ही रक्कम हातगाडीवाल्याचे कंबरडे मोडणारी आहे.

दुसरी अडचण कच्च्या मालाची. उसाचे चिपाड टाकाऊ असते हा समज चुकीचा आहे. साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज निर्माण करतात. थाळी बनवणाऱ्याला या इंधनाशी स्पर्धा करावी लागते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित. कंपोस्टेबल प्लॅस्टिकच्या भारतीय मानकातील कसोटी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या, हवा खेळत्या खतात घेतली जाते. तेथे १८० दिवसांत ९० टक्के विघटन व्हावे, अशी अट आहे. घरच्या कुंडीत इतकी उष्णता टिकत नाही. कचऱ्याच्या डोंगराखाली हवाच पोहोचत नाही. तेथे चिपाडाची थाळीही खत न होता मिथेन वायू सोडते. शिवाय ही पिशवी साध्या प्लॅस्टिकसारखीच दिसते. कचरावेचकाला तिचा भंगारात भाव मिळत नाही, आणि चुकून ती इतर प्लॅस्टिकमध्ये मिसळली तर तो मालही बिघडतो. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचा नियम २०१६ मध्ये आला. पण घरी वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एक होत असेल, तर वेष्टनावरील शिक्क्याला अर्थ उरत नाही.

मग उपाय काय? जेथे परतीची वाट आखूड आहे, तेथून आरंभ करावा. मंगल कार्यालये, यात्रा, वसतिगृहे या ठिकाणी उष्टे अन्न आणि थाळी एकत्रच पडतात. ती एकाच गाडीतून थेट खत प्रकल्पात नेता येतील. कॉलेजच्या आणि कचेरीच्या कँटीनमध्ये तर धुऊन पुन्हा वापरायची स्टीलची ताटली हाच उत्तम मार्ग. दंडाच्या रकमेतून छोट्या विक्रेत्यांना खत होणारी वेष्टने सवलतीत पुरवावीत.

पत्रावळीचे श्रेय केवळ पळसाच्या पानाला नव्हते; उकिरडा आणि शेत हाकेच्या अंतरावर होते. पान आपण पुन्हा शोधले आहे. शेतापर्यंतची वाट अजून बांधायची आहे.