बर्फावरची घसरगाडी : ओझे ओढण्याचे विज्ञान

ओझे वाहून नेण्यासाठी चाकासारखे दुसरे साधन नाही, असे आपण प्राथमिक शाळेपासून वाचत आलो आहोत. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे प्रदेश आहेत की, जेथे हिवाळ्याचे चार-पाच महिने चाक निरुपयोगी ठरते. भुसभुशीत हिमात ते रुतते आणि गुळगुळीत बर्फावर जागच्या जागी फिरत राहते. अशा ठिकाणी माणूस फार प्राचीन काळापासून चाकाऐवजी घसरगाडी वापरत आला आहे. उत्तर युरोपातील सामी लोकांची रेनडियरने ओढायची होडीच्या आकाराची 'पुल्क' आणि कॅनडातील आदिवासींची पातळ फळ्या पुढून वळवून केलेली 'टोबॉगन', ही तिचीच दोन रूपे होत.

आज हा विषय काढण्याचे कारण म्हणजे एक पत्र. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात राहतो. तेथे उत्तरेकडील जंगलात शेकडो तळी आहेत. हिवाळ्यात ती गोठली की, हौशी लोक सामान घसरगाडीवर लादून तळ्यांवरून चालत जातात आणि तंबूत मुक्काम करतात. रात्रीचे तापमान शून्याखाली २०-२५ अंश असते. या पठ्ठ्याने लहान मुलांची प्लॅस्टिकची घसरगाडी विकत घेतली, तिला दोर बांधला, दोर कमरेला बांधला आणि स्वारी निघाली. सपाटीवर सारे छान चालले. पहिल्याच उतारावर मात्र गाडी मागून येऊन त्याच्या पोटऱ्यांवर आदळली, तो पडला, गाडी उलटली आणि स्लीपिंग बॅग हिमात जाऊन भिजली. अशा थंडीत ओली स्लीपिंग बॅग म्हणजे जिवाशी गाठ! सुदैवाने मोटार दोन तासांच्या अंतरावर होती, म्हणून तो मुकाट्याने परतला. "सर, माझे काय चुकले?" असे त्याने विचारले आहे. त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. ते आपण मिळून शोधू या.

पाठीवर की मागे?

पहिला प्रश्न असा की, सामान सॅकमध्ये भरून पाठीवर का घेऊ नये? थोडा हिशेब करू. ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाने ३० किलोग्रॅमचे ओझे पाठीवर घेतले, तर त्याचे एकूण वजन १०० किलोग्रॅम होते. दोन्ही बुटांच्या तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे ०.०५ चौरस मीटर धरले, तर हिमावर दर चौरस मीटरला २,००० किलोग्रॅम-भार एवढा दाब पडतो. चालताना एक पाय उचलला की, तो दुप्पट होतो. मग पाय गुडघ्यापर्यंत रुतले तर नवल काय?

आता १.२ मीटर लांब आणि ०.४ मीटर रुंद अशी घसरगाडी घ्या. तिच्या तळाचे क्षेत्रफळ ०.४८ चौरस मीटर. सामानासह तिचे वजन ४० किलोग्रॅम असले, तरी दाब येतो दर चौरस मीटरला अवघा ८३ किलोग्रॅम-भार, म्हणजे बुटांच्या दाबाचा सुमारे चोविसावा हिस्सा. गाडी हिमावर तरंगल्यासारखी राहते. (ओढणारा माणूसही पायांत रुंद हिमपादुका किंवा स्की घालतो, ते याच कारणाने.)

शिवाय पाठीवरचे ओझे प्रत्येक पावलागणिक थोडे वर उचलावे लागते. गाडीच्या बाबतीत सपाटीवर फक्त घर्षणावर मात करायची असते. दबलेल्या हिमावर प्लॅस्टिकचा घर्षणांक ०.१ समजला, तर ४० किलोग्रॅमची गाडी ओढण्यास केवळ ४ किलोग्रॅम-भार बल पुरते.

पाण्याचा पातळ थर

हे घर्षण इतके कमी का? अनेक पुस्तकांत असे लिहिलेले आढळते की, दाबामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, बर्फ वितळतो आणि वस्तू पाण्यावरून घसरते. हे तपासून पाहू. वितळणबिंदू १ अंश सेल्सिअसने खाली आणण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १३५ किलोग्रॅम-भार दाब लागतो. आपल्या गाडीचा दाब आहे दर चौरस सेंटिमीटरला ०.००८३ किलोग्रॅम-भार! तेव्हा शून्याखाली २० अंशांवर हे स्पष्टीकरण मुळीच टिकत नाही.

१९३९ साली बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी या प्रश्नावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर असलेल्या युंगफ्राउयोख येथील संशोधनकेंद्रात त्यांनी बर्फावरील घर्षण मोजले होते. त्यांचा निष्कर्ष असा की, वितळण्यास लागणारी उष्णता मुख्यतः घर्षणातूनच निर्माण होते. आपल्याच गाडीचे उदाहरण घ्या. ४ किलोग्रॅम-भार म्हणजे सुमारे ३९ न्यूटन. दर सेकंदाला एक मीटर या गतीने चालल्यास दर सेकंदाला ३९ जूल उष्णता निर्माण होते. म्हणजे गाडीच्या तळाशी जणू ४० वॅटचा एक दिवाच लावलेला आहे! तळ आणि हिम यांचा खरा स्पर्श काही बारीक टोकांवरच होत असल्याने तेवढ्या जागी वंगणासारखा पाण्याचा पातळ थर होण्यास ही उष्णता पुरते. बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू आतील रेणूंपेक्षा सैल बांधलेले असतात, याचाही हातभार लागतो, असे आता दिसून आले आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, धातू उष्णतेचा सुवाहक असल्याने कडाक्याच्या थंडीत धातूचा तळ ही उष्णता पळवून नेतो; प्लॅस्टिक किंवा लाकूड तसे करत नाही. दुसरी, थंडी जितकी कडक, तितका पाण्याचा थर कमी आणि घर्षण जास्त. फार कमी तापमानात हिम वाळूसारखे वागू लागते.

या दुसऱ्या गोष्टीची किंमत माणसांनी प्राण देऊन मोजली आहे. १९११ च्या जून महिन्यात कॅप्टन स्कॉट यांच्या अंटार्क्टिका मोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी ध्रुवीय रात्रीच्या काळोखात निघाले. तापमान शून्याखाली ६० अंशांपर्यंत उतरले. दोन गाड्या एकदम ओढता येईनात. मग एक गाडी पुढे न्यायची, परत यायचे आणि दुसरी न्यायची, असा क्रम सुरू झाला. एक मैल पुढे सरकण्यासाठी तीन मैल चालावे लागे! ते तिघे कसेबसे परतले. पण पुढच्याच वर्षी, १९१२ च्या मार्चमध्ये, दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्यांच्या साथीदारांना असेच वाळूसारखे हिम लागले. रोजची मजल घटत गेली आणि अन्नसाठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर त्यांचा अंत झाला. भूक, आजार, हिमदंश अशी इतरही कारणे होती. परंतु वाढलेले घर्षण हे त्यांतील एक मोठे कारण होते. त्यांच्या गाडीवर अखेरपर्यंत सुमारे १६ किलोग्रॅम वजनाचे दगडांचे नमुने होते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म सापडले. त्याच वनस्पतीचे जीवाश्म आपल्या विदर्भातील कोळशाच्या थरांतही मिळतात!

उतारावरचा शत्रू

आता आपल्या मित्राची मुख्य चूक पाहू. समजा, उतार १० अंशांचा आहे. ४० किलोग्रॅमच्या गाडीवर उताराच्या दिशेने सुमारे ७ किलोग्रॅम-भार बल असते. घर्षणाचा विरोध सुमारे ४ किलोग्रॅम-भार. चढताना या दोहोंची बेरीज होते, म्हणजे ११ किलोग्रॅम-भार बलाने ओढावे लागते. उतरताना वजाबाकी होते आणि उरलेले ३ किलोग्रॅम-भार बल गाडीला खाली ढकलते. त्यामुळे तिला सुमारे ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण मिळते. मोकळी सोडल्यास ५० मीटर अंतरात तिचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या घरात जाईल!

दोर फक्त ओढू शकतो, ढकलू किंवा थोपवू शकत नाही. त्यासाठी ताठ दांडा हवा. घरगुती घसरगाडीचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

गाडी बांधताना

तळासाठी मुलांची पॉलिएथिलीनची घसरगाडी उत्तम. हे प्लॅस्टिक कडाक्याच्या थंडीतही चिवट राहते. दोन्ही काठांवर ओळीने भोके पाडून त्यांत दोर ओवून घ्यावा, म्हणजे सामान बांधण्यासाठी जागोजाग फासे मिळतात.

दांड्यांसाठी सुमारे दोन मीटर लांबीच्या पी.व्ही.सी.च्या दोन नळ्या घ्याव्यात. प्रत्येक नळीतून दोर ओवून त्याचे एक टोक गाडीच्या पुढील काठाला व दुसरे कमरेच्या रुंद पट्ट्याला घट्ट बांधावे. ओढण्याचे काम दोर करतो आणि थोपवण्याचे काम नळी करते. पी.व्ही.सी. थंडीत ठिसूळ होते. पण नळी तडकली तरी आतील दोरामुळे गाडी हातची जात नाही. फायबरग्लासचे दांडे मिळाल्यास अधिक चांगले. दोन्ही दांडे इंग्रजी 'एक्स' अक्षराप्रमाणे एकमेकांवरून नेले, तर वळणावर गाडी मुकाट्याने मागोमाग येते.

पट्ट्याची कडी हातमोजे न काढता चटकन सुटेल अशी हवी. गोठलेल्या तळ्यावर बर्फ खचला, तर गाडीपासून क्षणात मोकळे होता आले पाहिजे. एका माणसाने चालण्यासाठी निदान १० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ, नवा बर्फ असावा, असा तेथील नियम आहे.

सामान लादताना गुरुत्वमध्य आठवा. ४० सेंटिमीटर रुंदीच्या गाडीचा गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर ती ४५ अंश कलेपर्यंत उलटत नाही. तोच ४० सेंटिमीटरवर गेला, तर २७ अंशांतच उलटते. म्हणून जड वस्तू तळाशी आणि मध्याच्या किंचित मागे, हलक्या वस्तू वर. सर्वांवरून ताडपत्री गुंडाळून दोर आवळावा. स्लीपिंग बॅग मात्र पाणी न शिरणाऱ्या वेगळ्या पिशवीतच ठेवावी.

नॉर्वेच्या नान्सेन यांनी १८८८ साली ग्रीनलंड ओलांडताना खास बनवून घेतलेल्या गाड्यांचे सांधे खिळ्यांऐवजी दोरांनी बांधले होते. खिळ्याचा सांधा धक्क्याने तुटतो. बांधलेला सांधा थोडा हलतो आणि टिकतो. आपणही शक्य तेथे दोरच वापरावा.

आणखी एक सावधगिरी. तळ्यावरील हिमाच्या वजनाने बर्फ दबतो आणि भेगांतून पाणी वर येते. वरचे हिम उष्णतेचे दुर्वाहक असल्याने ते पाणी गोठत नाही. अशा चिखलासारख्या हिमातून गाडी बाहेर आली की, ओला तळ थंड हवेत लगेच गोठतो आणि त्यावर खडबडीत कवच चढते. ते खरवडल्याशिवाय गाडी हलत नाही. तेव्हा एक खरवडणी बरोबर हवीच, आणि रात्री गाडी दोन ओंडक्यांवर ठेवावी.

करून पाहा

आपल्याकडे हिम नाही, म्हणून हिरमुसू नका.

१. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये दोन विटा ठेवून तो ताणकाट्याने फरशीवर, मातीवर आणि कोरड्या वाळूवर ओढा. ताणकाट्याचे वाचन भागिले एकूण वजन, म्हणजे घर्षणांक. तीन पृष्ठभागांसाठी तो किती येतो?

२. त्याच ट्रेला दोर बांधून तो आडवा, २० अंशांत आणि ४५ अंशांत ओढा. कोणत्या कोनात कमी बल लागते? घर्षणांक ०.१ असताना २० अंशांत ओढले, तरी सर्वांत सोयीच्या कोनापेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त बल लागते. मग दांडे दोन मीटर लांब का ठेवायचे? (सूचना : स्कीचे मागचे टोक आठवा.)

३. पसरट थाळीत पाणी गोठवा. बाहेर काढताच बर्फावर प्लॅस्टिकचे झाकण ठेवून थाळी हळूहळू कलती करा. झाकण घसरू लागते तो कोन मोजा. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन कोनांत फरक पडतो का? का पडतो?

तिसऱ्या प्रयोगातील कोनाचा स्पर्शक काढलात, तर झाकण आणि बर्फ यांच्यातील घर्षणांक मिळेल.

आपल्या मित्राला मी एवढेच लिहिले : "अरे, अकरावीत उतरणीवरील ठोकळ्याचे उदाहरण तू फळ्यावर सोडवले होतेस. उतारावर तोच ठोकळा तुझ्या मागे होता." त्याने नळ्यांचे दांडे बसवले, सामान खाली उतरवले आणि पुढच्या सुट्टीत घराजवळच्या टेकडीवर रिकाम्या गाडीने, मग भरलेल्या गाडीने सराव केला. त्यानंतरच तो जंगलात गेला आणि दोन रात्री राहून सुखरूप परतला. स्लीपिंग बॅग कोरडी राहिली, हे त्याने पत्रात दोनदा लिहिले आहे!