विमानतळाच्या दारात उबर का येत नाही?

लॉस एंजेलिस : बोदवडला गाडीतून उतरून स्टेशनाबाहेर आलं, की रिक्षा समोरच. तीच सवय घेऊन लेकाकडे आलेले खानदेशी आईवडील इथल्या विमानतळाच्या टॉम ब्रॅडली या आंतरराष्ट्रीय टर्मिनलमधून बाहेर पडतात. ट्रॉलीवर बिबड्या-पापडांनी फुगलेल्या दोन बॅगा. लेकाने तिकडून उबर मागवलेली, पण ती काही दारात येत नाही.

येणारही नसते. २९ ऑक्टोबर २०१९ पासून ॲपवरची साधी टॅक्सी टर्मिनलसमोरून प्रवासी उचलत नाही. त्यासाठी टर्मिनल १ च्या पूर्वेला वेगळा तळ केला आहे. नाव ‘एलएएक्स-इट’ (एलएएक्स हा विमानतळाचा कोड), म्हणताना ‘एल. ए. एक्झिट’ असंच ऐकू येतं. तिथे नेणारी फुकट बस खालच्या मजल्यावर, आगमनाच्या दारांबाहेर मिळते. पाटी हिरवी. सोडायला येणारी टॅक्सी मात्र वरच्या मजल्यावर थेट दारापर्यंत जाते.

कारण रस्त्यातच आहे. तो घोड्याच्या नालेसारखा वळतो, टर्मिनलं त्याच्या कडेने उभी. गाडी एकदा आत शिरली की बहुतेकदा पुरा फेरा मारूनच बाहेर, म्हणून कोंडी होते. त्यात २०१९ मध्येच विमानतळाच्या चालकविरहित रेल्वेचं बांधकाम सुरू झालं. सॅन फ्रान्सिस्को विमानतळानेही त्याच वर्षी देशांतर्गत प्रवाशांच्या ॲप टॅक्सी पार्किंगच्या पाचव्या मजल्यावर हलवल्या.

या टॅक्सींसाठी कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये नियम केले. मग विमानतळांनी परवाने दिले आणि त्यासोबत फीही लावली. तळ सुरू झाला तेव्हा लॉस एंजेलिसला ती फेरीमागे ४ डॉलर होती, नेताना आणि सोडतानाही. कंपनी ती भरते, पण वसूल प्रवाशाच्या बिलातून करते.

कोंडी फोडायला नियम रास्तच आहे. पण वीस-बावीस तासांच्या प्रवासाने पाय सुजलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून फी घ्यायची आणि वर त्यांना बॅगांसह बसमध्येही चढवायचं, हे बरोबर नाही.

म्हणून इथल्या लेकरांना एक विनंती. घरच्या गाडीला अजून दारापर्यंत येता येतं. आईवडिलांना न्यायला स्वतः जा. जमतच नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, तळाचं नाव मराठीत कागदावर लिहून द्या, आणि विमानतळाचं फुकट वायफाय फोनवर कसं लावायचं ते त्यांना बोदवडलाच शिकवून ठेवा.