घाटाखालची जावळी

आर्थर सीटच्या कठड्याला टेकून सावित्रीचं खोरं न्याहाळणाऱ्याला खाली झाडीत बुडालेला एक लांबट डोंगर दिसतो. तो चंद्रगड. महाबळेश्वरहून दिसत असला तरी आहे पोलादपूर तालुक्यातला.

जावळी म्हटलं की आपण सातारा जिल्हा सांगून मोकळे होतो. जावळी तालुका तिथलाच, ठाणं मेढा. मूळ जावळी गाव मात्र महाबळेश्वर तालुक्यात. आणि मोऱ्यांच्या जावळीचा बराचसा मुलूख घाट उतरून आजच्या पोलादपूर-महाडात पसरला होता, हे जिल्ह्याच्या हद्दीने आपल्याला विसरायला लावलं.

मोरे आदिलशाहीचे मांडलिक. गादीवर बसेल तो ‘चंद्रराव’, हा पिढीजात किताब. त्यांचं खरं बळ किर्र रानात आणि घाटवाटांत. पार घाटाने उतरणारा माल महाडच्या बंदराकडे जायचा, तेव्हा वाट ज्याच्या ताब्यात त्याचा दरारा. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. चंद्रराव रायरीवर जाऊन बसला. त्याच वर्षी रायरीही पडली आणि राज्य बुडालं.

भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांनी प्रतापगड उभा केला. रायरीचा रायगड झाला, १६७४ मध्ये तिथे राज्याभिषेक झाला. मोऱ्यांच्या शेवटच्या आसऱ्यावर स्वराज्याची राजधानी थाटली गेली, हे रोपवेच्या रांगेत कुणी सांगत नाही! कांगोरीचा मंगळगड आडबाजूलाच राहिला. पेशवाईच्या अखेरीस, १८१७ मध्ये, हंटर आणि मॉरिसन हे पकडलेले इंग्रज अधिकारी आधी तिथे ठेवले, मग वासोट्यावर. पुढे हा घाटाखालचा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडू लागला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचंच नाव रायगड झालं.

चंद्रगडासाठी पोलादपुरात थांबावं. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी इथेच आहे. पुढे तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ, आणि मग पायथ्याचं ढवळे. चढ अंगावर येणारा, घसाऱ्याचा. माथ्यावर वाडे-महाल शोधू नयेत: उघड्यावरची महादेवाची पिंडी, नंदी, कातळातली टाकी आणि थोडी जोती. ढवळे घाटाने थेट आर्थर सीटला चढणारे ट्रेकर भल्या पहाटे निघतात. त्यांनी गावातला वाटाड्या सोबत घ्यावा, पाणी भरपूर बाळगावं आणि पावसाळ्यात या वाटेच्या नादी लागू नये.