सातासमुद्रापलीकडची आजी

मधल्या सुट्टीत मी डबा उघडते न उघडते तोच ती दारात येऊन उभी राहायची. "बाई, एवढं पत्र इंग्रजीत करून द्याल?"

आठवड्यातून चार दिवस मी शाळेत इंग्रजी शिकवते. गावातल्या मिशनच्या वसतिगृहातल्या काही मुली आमच्याकडे शिकायला येतात. ही त्यांतलीच, तेव्हा सातवीत होती. तिचा खर्च अमेरिकेतल्या एक वयस्क बाई करीत. ही त्यांना 'आजी' म्हणायची. वर्षातून तीन-चारदा आजींना पत्र जायचं.

पत्रात पैसे किंवा वस्तू मागायच्या नाहीत, असा नियम. तो योग्यच आहे. पण वडिलांचं काम सुटलं, हेही लिहायचं नाही, असं तिला कुणीतरी बजावलेलं. मग लिहायचं काय? गाईला वासरू झालं, चित्रकलेत नंबर आला! एकदा आजींचा बर्फातला फोटो आला, तर हिचा प्रश्न, "एवढ्या थंडीत आजींना चूल कोण पेटवून देतं?" मी तो जसाच्या तसा पत्रात उतरवला. तिच्या सगळ्या पत्रांत तेवढंच वाक्य तिचं स्वतःचं होतं, असं मला अजून वाटतं.

एका मुलाला एक दूरचा पालक, ही पद्धत खूप पसरली ती कोरियातल्या युद्धानंतर. तिथली अनाथ मुलं पाहून एव्हरेट स्वॉन्सन या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९५२ साली काम सुरू केलं, त्यातूनच 'कम्पॅशन' ही संस्था उभी राहिली. पालकाने दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, संस्थेने मुलाची फी, गणवेश, जेवण, औषधपाणी पाहायचं. २०१३ साली ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतला या मदतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मदत मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असं त्यात दिसलं. दीड वर्ष म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण मोफत शिक्षणाचा २००९ चा कायदा आठवीपर्यंतच पुरतो. आमच्या शाळेतल्या मुली गळतात त्या नेमक्या त्यानंतर. तिथे दीड वर्ष म्हणजे दहावीचा उंबरठाच की!

हे मी घरी सांगत होते, तर सासूबाईंनी विचारलं, "सगळं खरं, पण बाटवत नाहीत ना गं?"

प्रश्न आजचा नाही. पंडिता रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. १८८७ मध्ये बॉस्टनच्या मंडळींनी संस्था काढून त्यांना दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं, पण शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, या अटीवर. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. बाया कर्वे, म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी, तिथल्याच विद्यार्थिनी. पुढे सदन पुण्याला गेलं. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली जाऊन बसतात, यावरून १८९३ साली गहजब झाला. रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या.

तक्रार करणाऱ्यांचं सगळंच खोटं होतं, असं मी म्हणणार नाही. जिच्या अन्नावर आपण वाढतो, तिच्या देवाकडे लहान मुलगी ओढली जाणारच. पण घरी नेलेल्या त्या मुलींच्या हातात पुन्हा पाटी कुणी दिली?

परदेशी पैशाबद्दलचा हा संशय आपल्या काळातही आहेच. सरकारने पूर्वपरवानगीची अट घातल्यावर मार्च २०१७ मध्ये 'कम्पॅशन'ने भारतातलं काम बंद केलं. सुमारे दीड लाख मुलांची मदत थांबली. कोण बरोबर, कोण चूक, याचा वाद मोठी माणसं घालत राहिली. जूनमध्ये शाळा मात्र उघडायचीच होती.

आमच्या मुलीच्या बाबतीत असं मोठं काही घडलं नाही. ती आठवीत असताना आजींची पत्रं यायची थांबली, आणि मग पैसेही. कारण तिला कुणी सांगितलं नाही. नववीच्या तोंडावर वडील तिला घेऊन जायला आले, तेव्हा मला हे कळलं.

त्या महिन्यात भिशी माझी लागली होती. खरं तर मिक्सर घ्यायचा होता. मी वसतिगृहाच्या बाईंना भेटले, वर्षाचा खर्च विचारला, पावती मिळेल ना तेही विचारलं. आकडा माझ्या आवाक्याबाहेरचा होता. भिशीतल्या तिघींना सांगितलं. दोघी लगेच तयार झाल्या. तिसरी म्हणाली, "मिशनला मी नाही देणार. पुस्तकांचे पैसे मुलीच्या हातात देईन." तेही चाललं आम्हाला.

आम्हाला आभाराचं पत्र लिहायचं नाही, एवढं मी तिला सांगून टाकलं. परवा सहामाहीचे मार्क दाखवायला आली. बीजगणितात काठावर पास! जाता जाता दारात घुटमळली.

"बाई, आजींना एक पत्र पाठवायचं होतं. इंग्रजी माझं मीच करीन. फक्त पत्ता हवाय."

पत्रं नेहमी कचेरीतूनच जायची. पत्ता माझ्याकडे कधीच नव्हता.