वारशाची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

महापालिका जुना वाडा जतनासाठी घेणार, अशी बातमी आली की आपण लगेच ‘वारसा की मालकी?’ असा संशोधनप्रश्न लिहून मोकळे होतो. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हेच होतं. गाईडनी एवढंच विचारलं, “याचं उत्तर कुठल्या कागदावर मिळेल?” तिथेच गाडी अडली.

पुण्यातला भिडेवाडा घ्या. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा इथे सुरू केली. म्हणजे भिड्यांचा वाडा, पुढे त्यात आलेली भाडेकरूंची दुकानं, आणि या सगळ्यावर अख्ख्या महाराष्ट्राची आठवण. महापालिकेला स्मारक करायचं होतं, वाद कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षं चालला. २०२३ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाचा आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. डिसेंबरात तो जीर्ण वाडा पाडला. स्मारकासाठीच! मग जतन नेमकं कशाचं झालं? भिंतींचं तर नाही. जागेचं म्हणता येईल. तुमच्या प्रबंधात ‘जतन’ची व्याख्या नसेल, तर ही केस तुमचा युक्तिवाद पहिल्याच पानावर मोडते.

आता पैशाकडे या, कारण खरी गंमत इथे आहे. विकास आराखड्यात आरक्षण पडलेली जागा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम १२६ खाली तीन वाटांनी मिळवता येते: वाटाघाटीने, एफएसआय किंवा टीडीआर देऊन, नाहीतर सक्तीच्या संपादनाने. सक्तीची वाट धरली की २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. त्यात बाजारभाव ठरतो तो मुद्रांकाच्या दरावरून किंवा आसपासच्या खरेदीखतांवरून. बांधकामाची किंमत मिळवायची, वर शंभर टक्के दिलासा रक्कम. या हिशेबात ‘इथे काय घडलं होतं’ याला रकानाच नाही. इतिहासामुळे जागा घेण्याचं कारण मिळतं, भाव मात्र शेजारच्या दुकानाचा लागतो. कुटुंबाला हा अन्याय वाटू शकतो. उलट बाजूने, इतिहासाचे पैसे घरमालकानेच का घ्यावेत, हाही प्रश्न रास्त आहे. मला दुसरा जास्त पटतो, पण ते माझं मत झालं.

कलम १२७ विसरू नका. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. त्यामुळे सभेत ‘विचाराधीन’ असलेल्या प्रस्तावाचा अभ्यास करताना तारखांचा तक्ता आधी करा, मुलाखती नंतर. मालक शांत का बसलाय, याचं उत्तर पुष्कळदा त्या तक्त्यातच असतं.

आणि हो, शहरात सातबारा शोधत फिरू नका, मालमत्ता पत्रक मागा. मी घर नंबर घेऊन रांगेत उभी राहिले होते. खिडकीवरच्या बाईंनी सिटी सर्व्हे नंबर विचारला आणि माझी अख्खी सकाळ गेली. पत्रक मिळालं की त्यावरची वारसनोंद वाचा. बहिणींची नावं आहेत का, ते आधी बघा. नसतील, तर ‘कुटुंबाची संमती आहे’ हे वाक्य लिहिण्याआधी तुम्हाला आणखी काही दारं ठोठवायची आहेत.